मापाचं भांडं

सिस्टरने माझ्या सासऱ्यांच्या उजव्या पायावर, गुडघ्याच्या चार बोटं खाली, काळ्या पेनाने आडवी रेघ ओढली आणि शेजारी तारीख-वेळ लिहिली. "लाली या रेघेच्या वर सरकली की मले लगेच सांगायचं," ती म्हणाली. "रेघ पुसायची नाही. आन पायाले घरचं काही लावायचं नाही." शेवटचं बोलताना तिने माझ्याकडे रोखून पाहिलं, कारण घोट्याभोवती पिवळा डाग अजून दिसत होता. हळद मीच कालवून दिली होती.

सोयाबीन कापून झालेल्या वावरात जपून चालावं लागतं. बुडखे तिरपे कापलेले असतात आणि त्यांची टोकं खिळ्यांसारखी वर उभी राहतात. सासऱ्यांची चप्पल झिजलेली, साखरेच्या आजाराने तळपाय बधिर, आणि स्वभाव असा की दुखलं-खुपलं कुणाला सांगायचं नाही. एक बुडखा चपलेतून आरपार गेला, ते तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी भर उन्हात ओट्यावर बसून थंडीने कुडकुडायला लागले, धोतर जरा वर सरकलं, आणि मला पोटरी दिसली. लाल, ताणलेली, चकचकीत. तासाभरात ते असंबद्ध बोलू लागले. मग शेजाऱ्याच्या जीपने शेलूबाजार, तिथून वाशीम, आणि थेट या खासगी दवाखान्याची पुरुषांची खोली. चार खाटा, खिडकीजवळची आमची.

डॉक्टरबाईंनी पाय दाबून पाहिला, रक्तदाब पाहिला, आणि मला बाजूला घेतलं. "जंतू पायातून रक्तात शिरायला लागलेत," त्या म्हणाल्या. "औषध शिरेतून द्यावं लागेल, जोरदार. चाललं तर पाय वाचेल आणि बाबाही वाचतील. आता दोन्ही एकमेकांना बांधलेलं आहे." मी मान हलवली.

इथे आमच्या घरची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कुणाला पटायचं नाही. आमचं गाव आसेगावच्या बाजूचं, घर जुन्या वळणाचं. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि त्यांच्याशी समोरासमोर बोलत नाहीत. मी पदवीधर आहे, अंगणवाडी चालवते, पोरांची वजनं घटली की त्यांच्या आयांना आणि वेळ पडली तर सरपंचालाही चार गोष्टी सुनावते. पण घराच्या उंबऱ्याच्या आत आले की डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप. सासूबाई होत्या तोवर त्या आमचं टपालखातं होत्या. त्या गेल्यावर ते काम माझ्या मुलीकडे आलं. "आजोबाले सांग, जेवन वाढलं." "आईले सांग, येऊन राह्यलो." तिघं एकाच खोलीत असलो तरी. मुलगी कॉलेजसाठी अमरावतीला गेली तेव्हापासून मी दाराला उद्देशून बोलायची आणि ते भिंतीला उद्देशून उत्तर द्यायचे. आमचा संसार असा अठरा वर्षं सुरळीत चालला होता, हे मी थट्टेने म्हणत नाही. खरंच सुरळीत चालला होता.

नवरा सैन्यात, त्या वेळी दूर सीमेवर. फोनवर म्हणाला, "रजा टाकली हाये, मंजूर व्हायले आठ दिवस लागतील. तू हाये ना तिथी?" मी होते. दवाखान्यात दार होतं, भिंतही होती, पण आमचा निरोप पोचवणारं कुणी नव्हतं.

औषधाचं नाव व्हॅन्कोमायसिन. सिस्टर ते सलाईनच्या पिशवीत मिसळून आणायची आणि यंत्रासारखं घड्याळ लावून थेंब मोजायची. वयाने माझ्याएवढीच, बोलायला फटकळ. पहिल्या वेळी तिने मला समोर उभं केलं आणि बजावलं, "हे औषध घाई करनारं नाही. दीड तास म्हनजे दीड तास. नळीवरचं हे चाक दिसते ना? याले हात लावायचा नाही. जीप निघून जाईन, डबा येईन, कोनी काहीही म्हनो. अंगाले खाज सुटली, मान लाल झाली, कानात वाजाले लागलं, चक्कर आली, लघवी कमी झाली, यातलं काहीही दिसलं की मले हाक मारायची. आन घरून आनलेल्या दुखन्याच्या गोळ्या माह्याकडे द्या." गोळ्या मामाजींच्या बंडीच्या खिशात होत्या. दुखणं सांगायचं नाही म्हणून ते गुपचूप गिळत होते. मी दाराकडे पाहून म्हणाले, "गोळ्या द्या म्हणते सिस्टर." त्यांनी भिंतीकडे पाहत पाकीट काढून खाटेच्या कडेवर ठेवलं.

मामाजींना थेंब पाहून राग यायचा. त्यांच्या संत्र्याच्या बागेत ठिबक आहे आणि नळीतून पाणी हळू आलं की त्यांना वाटतं कुठेतरी माती अडकली. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. त्यांनी डावा हात उचलला आणि त्या चाकाकडे नेला. माझ्या तोंडातून "अहो!" निघालं, तेवढ्यात सिस्टरने येऊन त्यांचा हात धरला. "बाबा, ही बाग नाही!" ती ओरडली. चाक जरासं फिरलंच होतं. दोन मिनिटांत त्यांची मान आणि कानामागचा भाग तिखट लागल्यासारखा लाल झाला आणि ते छाती खाजवायला लागले. सिस्टरने औषध थांबवलं, नाडी धरली, रक्तदाब घेतला, डॉक्टरबाईंना बोलावलं, सुईतून दुसरं काहीतरी दिलं. लाली हळूहळू उतरली. मग औषध पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षाही हळू. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ही ॲलर्जी नव्हे, वेगाचा परिणाम आहे. पण वेग वाढला असता तर रक्तदाब कोसळला असता." त्यानंतर मामाजींनी त्या चाकाकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी मात्र नंतर जे केलं त्याच्यापुढे ते चाक काहीच नव्हतं.

सिस्टरने मला एक तक्ता दिला. एका बाजूला किती पाणी प्यायले, दुसऱ्या बाजूला किती लघवी झाली, वेळेसकट. खाटेखाली लघवीचं भांडं आणि त्याच्याशेजारी रेघा असलेलं प्लास्टिकचं मापाचं भांडं. "हृदय थोडं अशक्त आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "म्हणून सलाईन भराभर देता येत नाही, छातीत पाणी भरेल. पाणी तोंडानेच प्यायला लावा, दिवसभरात दीड लिटर. आणि लघवी मोजा. तो कागद माझ्यासाठी रिपोर्टाइतकाच महत्त्वाचा आहे." मी मनात म्हटलं, तक्ते भरणं तर माझ्या हातचा मळ.

मामाजींना पाय टेकवता येत नव्हता. संडास बाहेर व्हरांड्याच्या टोकाला. त्यामुळे भांडं खाटेवरच द्यायचं होतं, आणि ते देणार कोण, हा प्रश्न आम्ही दोघांनी एकही शब्द न बोलता सोडवून टाकला. खोलीसाठी एक परिचर होते, निवृत्तीला आलेले, सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांच्या अंगावर दोन मजल्यांचं काम. ते सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा नक्की फिरकायचे, मधे कुणी ओरडून बोलावलं तर. काका आले की मी पदर सावरून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहायची, आणि पडदा सरकला की परत यायची. तोवर काका भांडं रिकामं करून खाटेखाली ठेवून गेलेले असायचे.

पहिल्या संध्याकाळी मी त्यांना गाठलं. "काका, किती होती?"

"व्हती ना भरपूर."

"भरपूर म्हनजे किती? मापात ओतली का?"

"बाई, मले अजून सहा खाटा हायेत," म्हणत ते निघून गेले.

भरपूर म्हणजे किती, याचा मी विचार केला आणि चारशे लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारचा रकाना कोरा होता. रकाना कोरा ठेवायचा नाही, ही आमच्या कामातली पहिली शिकवण. वरून माणूस तपासायला आला की आधी कोऱ्या रकान्यावर बोट ठेवतो. मी चहा आणायला गेले होते तेव्हा काका येऊन गेले असतील असं मनाशी धरलं आणि अडीचशे लिहिलं. विचारायचं कुणाला? मामाजींना? लघवी झाली का, असं मी सासऱ्यांना विचारणार? त्यापेक्षा मी विहिरीत उडी मारली असती.

पाण्याचं तर मला अगदी खात्रीने वाटत होतं. तांब्या मीच भरायची, पेला त्यांच्या हाताशी ठेवायची, आणि दर दोन-तीन तासांनी तांब्या रिकामा झालेला असायचा. एक तांब्या, दुसरा तांब्या, तिसरा. मी बिनघोर लिहीत गेले. अक्षर सुरेख, बेरीज चोख. सिस्टर एकदा तक्ता पाहून म्हणाली, "असं सगळ्यांनी लिहिलं असतं तं काय पाहिजे होतं." मला बरं वाटलं. हे लिहिताना आजही कान गरम होतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी लाली रेघेच्या दोन बोटं खाली आली होती. ताप उतरला होता. मी बाहेर जाऊन नवऱ्याला फोन लावला, लागला नाही, तरी मी आनंदात होते. चौथ्या वेळचं औषध चढवण्याआधी सिस्टरने दोन नळ्या रक्त घेतलं. "अंगात औषध किती साचलं ते पाहायचं असते," ती म्हणाली. "कमी असलं तं जंतू मरत नाहीत, जास्त झालं तं किडनीवर येते." एक नळी अकोल्याला गेली, एक खालच्या मजल्यावर.

खालचा रिपोर्ट अकरा वाजता आला. डॉक्टरबाई तो हातात धरूनच खोलीत आल्या आणि सिस्टरला म्हणाल्या, "औषध लावू नका. थांबा." मग माझा तक्ता उचलला, वरून खाली वाचला, पुन्हा वाचला.

"किडनीचा आकडा जवळजवळ दुप्पट झालाय," त्या मला म्हणाल्या. "आलात तेव्हा ठीक होता. आता बघा, हे औषध किडनीतूनच बाहेर पडतं. किडनी मंदावली की ते अंगात साचतं, आणि साचलं की किडनीला आणखी मारतं. अंगात पाणी कमी असतं तर मी म्हटलं असतं, पाणी वाढवू, एखादा डोस थांबू, सावरेल. पण तुमच्या कागदावर पाणी भरपूर आहे, लघवीही भरपूर आहे. म्हणजे हे औषधानेच केलंय असं धरावं लागेल. बंद करायला हवं."

"मंग पायाचं?" मी विचारलं.

"पायातून घेतलेल्या पुवाचा रिपोर्ट आलाय. या जंतूवर दोनच औषधं चालतात. दुसरं मी त्यांना देऊ शकत नाही, त्यांच्या रक्तातल्या पेशी आधीच कमी आहेत. हे बंद केलं तर अकोल्याला हलवावं लागेल, आणि तिथे…" त्या थांबल्या आणि आवाज खाली आणला. "तिथे पाय ठेवायचा की नाही, हा विचार होईल. यंत्रावर रक्त शुद्ध करायची वेळही येऊ शकते."

त्यांनी केसपेपर खाटेच्या दांड्यावर टेकवला आणि लिहायला सुरुवात केली. मला पेनाची हालचाल दिसत होती. माझ्या कागदावर विश्वास ठेवून त्या लिहीत होत्या. चारशे माझे, अडीचशे माझे. मी खरं सांगितलं तर अख्ख्या खोलीसमोर सासऱ्यांच्या लघवीची गोष्ट काढावी लागणार होती, त्यांच्या उशाशी उभं राहून. आणि मी तीन दिवस खोटं लिहीत होते, हेही. नाही सांगितलं तर एका सुरेख अक्षरातल्या कागदापायी या माणसाचा पाय जाणार होता. हे इतकं सरळ होतं, तरी मी हातातल्या पेल्यातला एक घोट घेतला. त्या सही करून पुढच्या खाटेकडे वळल्या.

आणि मी तेव्हा मामाजींकडे पाहिलं. खरंच पाहिलं. अठरा वर्षांत मी त्यांच्या चेहऱ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं, पायांकडे किंवा खांद्याच्या जरा बाजूला पाहायची. ओठ फाटून त्यावर पापुद्रे आले होते. डोळे खोल गेले होते. ते जीभ ओठांवरून फिरवत होते आणि जीभ पांढरी, खरखरीत होती. हाताशी ठेवलेला पेला काठोकाठ भरलेला. सकाळी मी जसा ठेवला तसाच. मग तांब्या रिकामा कसा झाला होता? माझ्या हातात माझाच पेला होता. तीन दिवस त्या उकाड्यात बसून बसून मी पाणी पीत होते. तांब्या मीच रिकामा केला होता.

"मॅडम!" मी ओरडलेच. खोलीतले सगळे वळले. "तो कागद खोटा हाये. मी अंदाजानं लिहिलं. मी एकदाबी मोजली नाही. पानी त्याईनं पेलंच नाही, थे मीच पेली. लघवी सकाळ-संध्याकाळ फक्त काका आले की होते."

डॉक्टरबाई दोन पावलांत परत आल्या. मला वाटलं त्या आता मला फाडून खाणार. त्यांनी मामाजींची जीभ पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. "बाबा, पाणी का नाही प्यायलात?" त्यांनी विचारलं. मामाजी भिंतीकडे वळले. सिस्टर मात्र सगळं समजली. तिने एकदा माझ्या पदराकडे पाहिलं, एकदा खाटेखालच्या भांड्याकडे, आणि कपाळाला हात लावला. "काका यायच्या वक्ताले लागली पाहिजे, मधे लागू नये, म्हनून तहान मारली याईनं," ती म्हणाली. "सुनेले भांडं मागावं लागू नये म्हनून!"

डॉक्टरबाईंनी आधीची ओळ खोडली. "आता ऐका," त्या मला म्हणाल्या. "आजचा डोस थांबला आहेच. अकोल्याचा आकडा येईपर्यंत पुढचा नाही. सलाईन हळू चालू करते, आणि दर अर्ध्या तासाला अर्धा पेला पाणी, तुमच्या डोळ्यांसमोर. चार वाजेपर्यंत वाट पाहते. चांगली लघवी झाली तर किडनी नुसती सुकली होती असं समजेन. नाही झाली तर नळी घालायची आणि गाडी बोलवायची." जाता जाता त्या थांबल्या. "सांगितलंत ते बरं केलंत. पण आधी सांगायचं होतं."

साडेअकरा वाजले होते. मी पेला उचलून मामाजींच्या समोर धरला. दाराला उद्देशून बोलायला मी तोंड उघडलं आणि मला स्वतःचीच चीड आली. "मामाजी, पानी प्या," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण पेला घेतला. पहिला घोट त्यांना गिळता आला नाही, ठसका लागला. दुसरा गेला. मी लिहिलं: अर्धा पेला, साडेअकरा.

बारा, साडेबारा, एक. पेला, घोट, लिहिणं. काही नाही. सिस्टर येऊन पोटावर हात ठेवून जायची आणि नकारार्थी मान हलवायची. दीड, दोन. खालच्या रस्त्यावरून कुठलीही गाडी वळली की मला ती आमच्यासाठीच आली असं वाटायचं. अडीचला मी देवाला नवस बोलायला गेले आणि कशासाठी बोलायचा ते सुचेना, सासऱ्यांच्या लघवीसाठी नवस कसा बोलतात? हसू आलं आणि लगेच रडू आलं. माणूस माझ्या डोळ्यांदेखत तीन दिवस सुकत होता आणि मी मर्यादा पाळत होते. मला त्या पदराचा, त्या रकान्यांचा, माझा स्वतःचाच राग आला होता.

तीनच्या सुमारास मामाजींच्या चांगल्या पायाची बोटं हलायला लागली. ते दाराकडे पाहत होते, पुन्हा पुन्हा. मी ओळखलं.

"लागली का?" मी विचारलं.

त्यांचं उत्तर भिंतीला, "काकाले बोलाव म्हना."

"काका खाली एक्स-रेले गेले हायेत."

"मंग सिस्टरले."

"सिस्टर ऑपरेशनमधे हाये."

"मंग राहू दे. काका येतपर्यंत थांबतो."

"थांबायचं नाही!" मी म्हणाले, आणि माझा आवाज अंगणवाडीतल्या पोरांवर चढतो तसा चढला होता. मी पडदा ओढला, वाकून भांडं काढलं, चादरीखाली दिलं. ते घेताना त्यांचा हात माझ्या हाताला लागला, कोरडा आणि गरम. मी पाठ फिरवून उभी राहिले. मागून काहीच आवाज येईना. पडद्यावरची निळी फुलं मी मोजत राहिले. कितीतरी वेळाने आवाज आला, थोडा, थांबला, पुन्हा थोडा. त्यांनी डोळ्यांवर उपरणं ओढून घेतलं होतं. मी भांडं घेतलं, मापाच्या भांड्यात ओतलं, जमिनीवर ठेवलं आणि वाकून रेघेला डोळा लावला. एकशे चाळीस. रंग कोऱ्या चहाचा. आयुष्यात इतकी नीट मी कुठलीच गोष्ट मोजली नसेल.

चार वाजता डॉक्टरबाईंनी ते भांडं स्वतः पाहिलं. "कमी आहे, पण सुरू झाली," त्या म्हणाल्या. "गाडी नको. मोजत राहा." संध्याकाळी काका खोलीत आले. मामाजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी आधीच उठले होते. काकांना म्हटलं, "तुमी जा, तुमाले सहा खाटा हायेत." त्या वेळी दोनशे दहा झाली.

दुसऱ्या दिवशी अकोल्याचा आकडा आला. औषध अंगात हवं त्यापेक्षा जास्त साचलं होतं. डॉक्टरबाईंनी दोन वेळा थांबून मात्रा कमी केली, मधलं अंतर वाढवलं, आणि किडनीचा आकडा रोज थोडा थोडा उतरत गेला. औषध चालू राहिलं. पायावरची रेघ फिकट झाली तेव्हा सिस्टरने ती पुन्हा गडद केली, आणि लाली तिच्यापासून लांब घोट्याकडे जात राहिली. पाय राहणार, हे डॉक्टरबाईंनी सातव्या दिवशी तोंडाने म्हटलं.

त्याच दिवशी दुपारी औषध चढत होतं. मी खाटेशेजारी बसून घड्याळ आणि थेंब पाहत होते. खोलीत बाकीचे झोपले होते. मी इतके दिवस दाबून ठेवलेलं विचारूनच टाकलं.

"मामाजी, मले एवढं तं सांगा. तीन दिवस पानी काहून नाही पेले? मरनाच्या दारात होते तुमी."

ते पिशवीकडे पाहत राहिले. मला वाटलं भिंतीला उत्तर देतील. पण त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"तुया लग्नाचं बोलाले मी आलो होतो तुया बापाकडे," ते म्हणाले. "त्याईले म्हनलो होतो, पोरीले काही कमी पडू देनार नाही. आन मंग तिच्या हातात थे भांडं देऊ?"

मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. संताप आला आणि त्याच घटकेला रडूही. माझे वडील जाऊन सात वर्षं झाली. त्यांना दिलेला शब्द हा म्हातारा कोरड्या घशाने पाळत पडला होता आणि मी त्याचं पाणी पीत बसले होते. डोळे पुसायलाही मला सुचलं नाही.

"आन तुमी गेले असते म्हनजे?" मी म्हणाले. "मंग काही कमी पडलं नसतं का मले?"

ते कपाळाला आठी घालून विचार करत राहिले, बागेत पाणी कुठे अडलं ते शोधताना करतात तसा.

"हे नाई सुचलं मले," ते म्हणाले.

मी पेला भरून दिला. त्यांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत परत पुढे केला. "अजून दे, पोरी," ते म्हणाले. मी दुसरा भरला, आणि ते पीत असताना पहिला कागदावर लिहिला.